मोठा, त्याहून मोठा, सगळ्यांत मोठा

एखाद्या गावाच्या नावातच तुलना दडलेली असू शकते का? झाशीच्या नावाबद्दल तशी एक गोष्ट सांगतात. ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव यानं १६१३ साली एका खडकाळ टेकडीवर किल्ला बांधला. पुढे त्याच्याकडे जैतपूरचा राजा पाहुणा म्हणून आला. ओरछ्याच्या महालावरून दूर बोट दाखवत वीरसिंहदेवानं विचारलं, ‘‘तो माझा नवा किल्ला दिसतो का?’’ पाहुण्यानं डोळे बारीक केले आणि म्हणाला, ‘‘झांई-सी!’’ म्हणजे सावलीसारखं काहीतरी अंधुक दिसतंय खरं. त्या ‘झांई-सी’चं झालं झांसी आणि मराठी तोंडात ती झाली झाशी.

ही आख्यायिका आहे, हे लक्षात ठेवा. पण मला ती फार आवडते, कारण तिच्यातला तो इवलासा ‘सी’ तुलनेचा आहे. सावली-सी म्हणजे सावलीसारखी. दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्याकडे पाहायचं, ही माणसाची आवडती सवय. तुम्ही तर दिवसभर तेच करता! माझी पेन्सिल तुझ्यापेक्षा लांब, त्याचा लाडू माझ्याहून मोठा, आमच्या बाई सगळ्यांत चांगल्या. मात्र ही तुलना करायला प्रत्येक भाषा वेगळी युक्ती वापरते. आज त्या युक्त्या पाहू. मराठीपासून निघू आणि थेट फ्रेंचपर्यंत जाऊ.

झाशी आणि मराठी यांचं नातं जुनं आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे सरदार नारो शंकर यांनी झाशीचा किल्ला वाढवला, नंतर नेवाळकर घराण्याकडे कारभार आला आणि गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न होऊन मनकर्णिका तांबे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे इंग्रजांच्या १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले होते. त्यांनी लिहिलेलं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मोठे झालात की जरूर वाचा. झाशीत आजही मराठी घरं आहेत.

त्याच झाशीत प्रेमनगर नावाची एक वस्ती आहे. समजा, तिथल्या एका मराठी घरात दोघी बहिणी दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची मोजताहेत. धाकटी आईला सांगते, ‘‘ताई माझ्याहून उंच आहे.’’ मग गल्लीत जाऊन मैत्रिणीला सांगते, ‘‘दीदी मुझसे लंबी है।’’

आता गंमत पाहा. ‘हून’ हा प्रत्यय आपण आणखी कुठे वापरतो? ‘झाशीहून ग्वाल्हेरला गाडी सुटली.’ म्हणजे जिथून निघायचं, ती जागा दाखवायला! हिंदीतला ‘से’सुद्धा तसाच. ‘झाँसी से ग्वालियर’ आणि ‘मुझसे लंबी’, दोन्हीकडे एकच ‘से’. म्हणजे आपल्या भाषा तुलनेकडे प्रवास म्हणून पाहतात. माझ्या उंचीच्या खुणेपासून निघायचं आणि ताईच्या खुणेपर्यंत वर चढायचं. ‘माझ्याहून उंच’ म्हणजे माझ्यापासून मोजायला लागलं तर उंच.

ही युक्ती किती जुनी आहे, माहीत आहे? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास होऊन गेलेल्या पाणिनीनं संस्कृतच्या व्याकरणात नियमच घालून दिला की, ज्याच्याशी तुलना करायची त्याला पंचमी विभक्ती लावायची. शाळेत पंचमीचे प्रत्यय पाठ करतो ना, ऊन आणि हून? तीच ती पंचमी. आई आणि जन्मभूमी स्वर्गाहूनही थोर आहेत असं सांगणारं संस्कृत वचन तुम्ही ऐकलं असेल. त्यातला स्वर्गही पंचमीतच उभा आहे.

आपला ‘पेक्षा’ मात्र वेगळ्या वाटेनं आला. तो ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दापासून आला. तिथे त्याचा एक अर्थ होता ‘एखाद्या गोष्टीकडे पाहून, ती विचारात घेऊन’. माझ्यापेक्षा उंच म्हणजे माझ्याकडे पाहून ठरवलं तर उंच. बोलताना आपण ‘पेक्षा’च जास्त वापरतो, पण ‘हून’ही अजून ठणठणीत आहे.

आता एक गोष्ट नीट बघा. ‘ताई उंच आहे’ आणि ‘ताई माझ्यापेक्षा उंच आहे’ या दोन वाक्यांत ‘उंच’ हा शब्द बदलला का? मुळीच नाही. तुलनेचं सगळं ओझं ‘माझ्या’वर पडलं आणि ‘उंच’ मोकळा राहिला. इंग्रजीत तसं होत नाही. तिथे ‘टॉल’चं ‘टॉलर’ करावं लागतं आणि शिवाय ‘दॅन’ही हवा.

आणि फ्रेंचमध्ये? तिथे धाकटी म्हणाली असती, ‘‘मा सर ए प्ल्यू ग्रांद क म्वा.’’ एकेक शब्द सुटा करू. ‘मा सर’ म्हणजे माझी बहीण. ‘ए’ म्हणजे आहे. ‘ग्रांद’ म्हणजे मोठी किंवा उंच. ‘क म्वा’ म्हणजे माझ्यापेक्षा. आणि मध्ये बसलाय तो ‘प्ल्यू’. हा कोण? अहो, हा तर तुमच्या गणिताच्या वहीतला प्लस! लॅटिन भाषेत ‘प्लुस’ म्हणजे ‘अधिक’. तोच शब्द गणितात बेरजेच्या चिन्हाचं नाव म्हणून आला आणि तोच फ्रेंचमध्ये तुलनेच्या कामाला लागला.

एवढ्यावर थांबत नाही. फ्रेंचमध्ये ‘कमी’ म्हणायचं असेल तर ‘प्ल्यू’च्या जागी ‘म्वँ’ येतो. तो मायनसचा सख्खा भाऊ, आणि फ्रेंच मुलं वजाबाकी वाचतानाही हाच शब्द म्हणतात. दोघी सारख्याच उंच असतील तर ‘ओसी’ येतो. म्हणजे अधिकचं चिन्ह, उण्याचं चिन्ह आणि बरोबरचं चिन्ह! प्ल्यू ग्रांद, म्वँ ग्रांद, ओसी ग्रांद. तीन शब्द पाठ केले की फ्रेंचमध्ये जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींची तुलना करता येते. ग्वाल्हेरचा किल्ला झाशीच्या किल्ल्यापेक्षा मोठा आहे. सांगा बरं फ्रेंचमध्ये! ‘फोर’ म्हणजे किल्ला. ‘ल फोर द ग्वालियर ए प्ल्यू ग्रां क ल फोर द झांसी.’ इथे ‘ग्रांद’चं ‘ग्रां’ झालं, कारण फ्रेंचमध्ये किल्ला पुल्लिंगी आहे. आपण मोठा-मोठी म्हणतो तसंच.

‘म्वँ’वरून मराठीची एक खोड ध्यानात येते. ‘ती माझ्यापेक्षा कमी उंच आहे’ असं आपण सहसा म्हणतच नाही. ‘ती माझ्यापेक्षा बुटकी आहे’ म्हणतो, नाहीतर ‘ती माझ्याएवढी उंच नाही’ म्हणतो. फ्रेंच माणूस मात्र ‘कमी उंच’ सहज म्हणतो. उलट आपल्याकडचा ‘एवढा’ फार कामाचा. तुकोबांनी स्वतःला अणूपेक्षा लहान आणि आकाशाएवढं मोठं म्हटलं आहे. एका ओळीत तुलनेचे दोन प्रकार!

‘प्ल्यू’ची एक खोडी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा शब्द लिहिताना शेवटी स असतो, पण बोलताना तो कधी ऐकू येतो, कधी गडप होतो. जेवताना फ्रेंच मुलगा घाईघाईत ‘जां व्हो प्ल्यूस’ म्हणाला, तर त्याला आणखी वाढा. ‘जां व्हो प्ल्यू’ म्हणाला, तर त्याला आता अजिबात नकोय! घाईच्या बोलण्यात नकाराचा दुसरा छोटा शब्द गळून जातो आणि मग सगळा फरक त्या एका स वर येऊन ठरतो. बेरीज वाचताना तो स म्हणायचा, ‘प्ल्यू ग्रां’ म्हणताना तो गिळायचा.

मग जगातल्या बाकीच्या भाषा काय करतात? लिऑन स्टासेन नावाच्या डच भाषाशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घेऊन १६७ भाषा तपासल्या आणि त्यांचा नकाशा केला. त्यात ७८ भाषा जागा दाखवणारे शब्द वापरतात. ‘पासून’, ‘कडे’, ‘वर’ अशा अर्थाचे. संस्कृतची पंचमी आणि आपला ‘हून’ याच घरातले. ३३ भाषा ‘ओलांडणे’, ‘हरवणे’ अशा अर्थाचं क्रियापद वापरतात. आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ‘कुशिंदा’ म्हणजे जिंकणे, आणि हे घर त्या घरापेक्षा मोठं हे सांगायला तोच शब्द चालतो. हे घर मोठं आहे, त्याला जिंकून! ३४ भाषा तर दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवतात. ताई उंच, मी बुटकी. संपली तुलना. आणि ज्यांच्यात ‘दॅन’ किंवा ‘क’ सारखा खास वेगळा शब्द असतो, अशा भाषा फक्त २२. त्यातल्या बहुतेक युरोपातल्या. म्हणजे इंग्रजी आणि फ्रेंचची पद्धत जगात कमी आढळणारी आणि ‘हून’ची पद्धत सगळ्यांत जास्त पसरलेली. पुढे कुणी तुम्हाला म्हणालं की इंग्रजीची रीत हीच साधी नि सरळ रीत, तर हे आकडे त्याला सांगा.

आता ‘सगळ्यांत मोठा’ची पाळी. मराठीत काय करतो आपण? नवीन काहीच नाही. एकाशी केलेली तुलना सगळ्यांशी करतो. ‘सगळ्यांहून उंच’, ‘सर्वांत उंच’. नाहीतर त्याच शब्दाला दोनदा बोलावतो. गोडात गोड, चांगल्यात चांगला. फ्रेंच भाषा याहून कमी कष्ट करते. ‘प्ल्यू ग्रां’च्या आधी छोटासा ‘ल’ लावते. ‘ल प्ल्यू ग्रां’, सर्वांत मोठा. स्त्रीलिंग असेल तर ‘ला प्ल्यू ग्रांद’. हा ‘ल’ किंवा ‘ला’ म्हणजे ‘तो ठरलेला’, ‘ती ठरलेली’ असं बोट दाखवणारा शब्द. ‘अधिक मोठा’च्या आधी ‘तो एकमेव’ लावलं की दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. मराठीत असा ‘ल’ नाही, म्हणून आपण ‘सगळे’ बोलावले. फ्रेंचकडे ‘ल’ होता, म्हणून तिनं तो वापरला. ज्या घरात जे होतं, त्यावर काम भागलं.

पण काही हट्टी शब्द असतात. फ्रेंचमध्ये ‘बॉं’ म्हणजे चांगला. नियमानं ‘अधिक चांगला’ म्हणजे ‘प्ल्यू बॉं’ व्हायला हवं, आणि लहान फ्रेंच मुलं तसं म्हणतातही. मग मोठी माणसं सुधारतात, ‘मेय्यर’ म्हण! बॉं, मेय्यर, ल मेय्यर. इंग्रजीतही गुड, बेटर, बेस्ट. असं का? जे शब्द रोज शंभरदा तोंडात येतात, त्यांची जुनी रूपं विसरायला कुणाला सवडच मिळत नाही, म्हणून ती टिकून राहतात. क्वचित येणारे शब्द मात्र नव्या नियमात निमूट बसतात.

या हट्टी शब्दांतही एक शिस्त सापडली आहे. जोनाथन बोबालजिक या भाषाशास्त्रज्ञांनी तीनशेहून जास्त भाषांमधली अशी रूपं गोळा केली आणि २०१२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, ‘सर्वांत’चं रूप नेहमी ‘अधिक’च्या रूपावर चढून उभं राहतं. त्यामुळे गुड, बेटर आणि मग परत मागे वळून ‘गुडेस्ट’ अशी उडी भाषा मारत नाहीत. एकदा ‘अधिक’साठी शब्द बदलला की ‘सर्वांत’साठीही तो बदललेलाच राहतो. ‘ल मेय्यर’मध्ये तर ती पायरी उघड दिसते. व्याकरणालाही असे नियम असतात, जे कुणी बसून ठरवले नाहीत पण दूरदूरच्या भाषा पाळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता प्रेमनगरच्या त्या दोघी बहिणींच्या पत्त्याकडे बघा. झाशी, उत्तर प्रदेश. या ‘उत्तर’मध्ये ‘तर’ आहे, दिसला? संस्कृतमध्ये ‘उद्’ म्हणजे वर. उद् अधिक ‘तर’ म्हणजे ‘जास्त वरचा’. तोच उत्तर. आणि उद् अधिक ‘तम’ म्हणजे ‘सर्वांत वरचा’. तोच उत्तम! संस्कृतमध्ये दोघांत तुलना करायची तर ‘तर’ आणि अनेकांत करायची तर ‘तम’, असा पाणिनीचा नियम आहे. ‘तर’चा फारसी भाऊ झाशीच्या बाजारात रोज ऐकू येतो. बेहतर, बदतर, बेहतरीन!

संस्कृतकडे आणखी एक जोडी होती, ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ या शब्दांच्या शेवटी जो ‘ष्ठ’ आहे, तो ‘सर्वांत’ सांगणारा. इंग्रजीत टॉलेस्ट, बिगेस्ट म्हणतात, त्यातला ‘एस्ट’ याच ‘इष्ठ’चा चुलतभाऊ आहे. संस्कृत आणि इंग्रजी हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघाल्या, त्याची ही खूण. गंमत म्हणजे ‘श्रेष्ठ’मध्ये आधीच ‘सर्वांत’ असूनही माणसांचं समाधान होईना, म्हणून त्याला पुन्हा ‘तम’ लावून ‘श्रेष्ठतम’ केलं. हे आजचं नाही, यजुर्वेदातही हा शब्द आहे.

लॅटिनमध्येही अशी शेपटं होती. फ्रेंच ही लॅटिनची लेक, पण तिनं ती शेपटं टाकून दिली आणि ‘प्ल्यू’ धरला. मेय्यर हा त्या जुन्या काळातला वाचलेला एक शब्द.

‘सर्वांत’ हा शब्द तोलामोलाचा असतो, म्हणून तो कुणी वापरला हेही पाहावं. राणी लक्ष्मीबाईशी लढलेला इंग्रज सेनापती ह्यू रोज यानं तिला बंडातली सर्वांत शूर आणि सर्वांत चांगली सेनानी म्हटलं होतं. शत्रूनं ‘सर्वांत’ म्हणावं, याला फार किंमत आहे.

पण ‘सर्वांत’चा एक धोकाही आहे. पश्चिम बंगालमधलं खरगपूर स्टेशन जगातल्या सर्वांत लांब फलाटासाठी प्रसिद्ध होतं. लांबी १,०७२ मीटर. २०१३ साली उत्तर प्रदेशातल्याच गोरखपूरला १,३६६ मीटरचा फलाट झाला आणि तो पहिला आला. मग मार्च २०२३ मध्ये कर्नाटकात हुबळीला १,५०७ मीटरचा फलाट सुरू झाला. आता विचार करा. गोरखपूरचा फलाट एक बोटभरही आखडला नाही, तरी ‘जगातला सर्वांत लांब फलाट गोरखपूरला’ हे वाक्य एका दिवसात खोटं ठरलं. ‘गोरखपूरचा फलाट खरगपूरच्या फलाटापेक्षा लांब’ हे वाक्य मात्र अजून खरं आहे. ‘पेक्षा’ला दोनच गोष्टी मोजाव्या लागतात. ‘सर्वांत’ला सगळं जग मोजावं लागतं, आणि जग थांबत नाही.

शिवाय ‘सर्वांत’ म्हणजे किती जणांत, हेही विचारायला हवं. झाशीचा लाडका हॉकीपटू ध्यानचंद १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. भारतानं अमेरिकेला २४ विरुद्ध १ गोलांनी हरवलं. त्या सामन्यात ध्यानचंदचे ८ गोल आणि त्याचा धाकटा भाऊ रूपसिंग याचे १०. धाकटा थोरल्याहून पुढे! अमेरिका जपानकडूनही हरली, म्हणजे दोन्ही सामने हरली, तरी तिला कांस्यपदक मिळालं. कारण स्पर्धेत संघच होते तीन. तिसरा क्रमांक खरा, पण तिघांतला. आणि ध्यानचंदचं मोठेपण? १९२८, १९३२ आणि १९३६, ओळीनं तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. तेही वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या संघांसमोर.

ज्या ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद खेळला, त्याचं ब्रीदवाक्य ठाऊक आहे? ‘सिटियुस, आल्टियुस, फोर्टियुस’. आँरी दिदों नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं हे तीन लॅटिन शब्द आपल्या शाळेतल्या मुलांच्या खेळांसाठी वापरले होते. त्याचा मित्र पिएर द कुबेर्तां यानं १८९४ साली ऑलिंपिक समिती स्थापन झाली तेव्हा ते उचलले. शेवटचा ‘युस’ ऐकलात? हा आपल्या ‘ईयस्’चा नातलग. फ्रेंचमध्ये हेच वाक्य होतं ‘प्ल्यू व्हित, प्ल्यू ओ, प्ल्यू फोर’. अधिक वेगानं, अधिक उंच, अधिक जोमानं. इथला ‘फोर’ मघाचा किल्ला नव्हे, हा ताकदीचा. २०२१ साली त्यात ‘एकत्र’ अशा अर्थाचा चौथा शब्द जोडला गेला.

त्या ब्रीदवाक्यात एकही ‘ल’ नाही, हे पाहिलंत? सर्वांत वेगानं, सर्वांत उंच असं तिथे म्हटलेलं नाही. पदक एकाच्याच गळ्यात पडतं, पण ‘अधिक’ प्रत्येकाला जमू शकतं. कालच्या आपल्यापेक्षा आज अधिक. मला विचाराल तर दिदोंची ही निवड फार चांगली होती.

आता काम तुमचं. तुमच्या वर्गात, इमारतीत, गल्लीत मराठीशिवाय दुसरी भाषा बोलणारं कुणीतरी असेलच. त्यांना विचारा, ‘ताई माझ्यापेक्षा उंच आहे’ हे तुम्ही कसं म्हणता? गुजराती मैत्रीण ‘मारा करतां’ म्हणेल, कानडी मित्र ‘ननगिंत’ म्हणेल. तमिळ, बंगाली, गोंडी, कोरकू, वारली, जी भाषा मिळेल ती लिहून घ्या. मग तपासा. ओझं कोणत्या शब्दावर पडलं? गुणाचा शब्द बदलला की नाही? ‘सर्वांत’साठी त्यांनी सगळ्यांना बोलावलं की आणखी काही केलं? वहीत तीन रकाने पाडा आणि भरायला लागा. दहा भाषा झाल्या की आम्हाला पत्रानं कळवा.